दुर्गा आठल्ये आणि न फोडलेल्या मुंड्या

सिल्वासात त्या काळी बाटली घेऊन चाललेल्या माणसाकडे कोणी मान वळवून बघत नसे. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवार आला की वापी-वलसाडकडची मंडळी तहान भागवायला इकडे उतरत, आणि गावाची नजर त्याला सरावलेली होती. पण १९९० सालच्या दिवाळीत, ऐन वसुबारसेच्या सकाळी, आठल्येमास्तरांची मुलगी काळूभाई खाटकाच्या दुकानातून पिशवीत बोकडाच्या दोन मुंड्या घालून बाहेर पडली. ही बातमी सरकारी वसाहतीच्या बाराही बिऱ्हाडांत दुपारच्या जेवणाआधी पोचली. पोचवण्याचं पुण्य मंजुळाबाईंचं.

मंजुळाबाई म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातल्या, जमीन खात्यातल्या हेडक्लार्कच्या बायको. त्यांच्या खिडकीत तुळशीची कुंडी होती, पण वसाहतीत कोणालाच ती तुळस धड दिसलेली नव्हती, कारण तिच्यापुढे कायम मंजुळाबाई असत. गावात कोणाच्या घरी किती वाजता कुकरची शिट्टी झाली आणि किती झाल्या, हे त्यांना तोंडपाठ.

"बामणाची पोर," त्या म्हणाल्या, "आणि एक नाही, दोन मुंड्या. वर त्या खाटकाशी घासाघीस. म्हणजे पहिल्यांदा गेलेली नव्हे."

इथे त्या चुकल्या. दुर्गा पहिल्यांदाच गेली होती, आणि घासाघीस कशी करतात हेही तिला माहीत नव्हतं.

गजानन आठल्ये राजापूरकडून बासष्ट साली इथल्या मराठी शाळेत आले आणि इथलेच झाले. कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्यांची दुर्गा एम.बी.बी.एस. झाली, आणि एकोणनव्वद साली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेची एम.एस. करायला लागली. तीन वर्षांचं काम, झोप चार तासांची, आणि मानधन इतकंच की वडापाव खाताना पावाचा विचार करावा.

दर पंधरवड्याला तिचं पत्र येई आणि मास्तर ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवत. "आज एका मुलाच्या नाकातून चिंचोका काढला. त्याला मोड आला होता." टाळ्या. "आज एका गृहस्थांच्या कानातून जिवंत झुरळ काढले. गृहस्थ म्हणाले, पाच दिवस कोणीतरी आत पंखा लावल्यासारखे वाटत होते." पुन्हा टाळ्या. "आज पहिल्यांदा स्वतंत्रपणे टॉन्सिल काढले." यावर ड्रॉइंगच्या मास्तरांनी पेढे मागितले. मास्तर मग पत्रातले र्‍हस्वदीर्घ लाल शाईने सुधारून ते परत मुंबईला पाठवत. दुर्गाच्या खोलीतल्या मुली त्या पत्रांची वाट तिच्याहून जास्त बघत.

पत्रात एक गोष्ट मात्र तिने कधी लिहिली नाही. तिचा हात थरथरायचा.

नाकात चिमटा घालताना नाही, टॉन्सिलच्या वेळी नाही, मध्यरात्री श्वास कोंडलेल्या माणसाच्या गळ्याला भोक पाडतानासुद्धा नाही. फक्त कानामागचं हाड कोरायचं म्हटलं की. कान सडून वाहायला लागला, की त्यामागचं हाड बारीक गिरमिटाने कोरून साफ करावं लागतं. त्या हाडाच्या आतून चेहऱ्याची नस जाते, शेवईएवढी. तिला धक्का लागला की माणसाचं अर्धं तोंड कायमचं लुळं. ही शेवई दुर्गाच्या इतकी डोक्यात बसली होती, की गिरमिट फिरायला लागलं की तिचा हातही फिरायला लागे. सोबतचे डॉक्टर तिला 'कोयना' म्हणत. ती हाड कोरायला बसली की कोणीतरी टेबलावरचा चहाचा कप उचलून हातात धरी. "धरणाला तडे जातील हो," असं म्हणत.

विभागाचे प्रमुख डॉ. जयवंत फारसे बोलत नसत. बोलले की ते नोटीस लावल्यासारखं असे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी दुर्गाला बोलावलं.

"जानेवारीत तुमच्या गावी आपलं कानाचं शिबिर आहे. पंधरा शस्त्रक्रिया. एक तुला द्यायची माझी इच्छा आहे. डिसेंबरात माझ्यासमोर एक हाड कोरून दाखवायचं. नस दिसली पाहिजे आणि तिला ओरखडा नको. नाही जमलं तर यापुढे कानाच्या टेबलाशी तू फक्त दिवा धरायचास."

"सर, सरावाला हाडं मिळत नाहीत. माझा नंबर फेब्रुवारीत आहे."

"बोकडाला कान नसतात का?" सर म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

अशी ती दिवाळीला घरी आली. आल्या दिवशी ओसरीत नेहमीची रांग. मास्तरांची मुलगी आली म्हणजे वसाहतीतले सगळे कान एकदम दुखायला लागत. रांगेच्या शेवटी झुंबर पाटील बसला होता, मूळचा शिरपूरकडचा, जवळच मसाटला प्लास्टिकच्या कारखान्यात साचे बनवणारा फिटर. त्याच्या कानातून तिने पिचकारीने जो ऐवज काढला, त्यात मळ निम्मा आणि पोलादाचा कीस निम्मा.

"हे काय कानात साठवता, झुंबरभाऊ? गुंतवणूक?"

"साचे घासतो ना ताई. टूथपेस्टच्या टोपणांचे. हँडग्राइंडर असतं बारकं, पेनाएवढं. मिनिटाला तीस हजार फेरे."

दुर्गाच्या हातातली पिचकारी तशीच राहिली. "पेनाएवढं?"

"पेनाएवढं. त्याच्यानं मी टोपणाच्या आतले आटे घासतो. केसाएवढा चुकलो तर साचा भंगारात आणि सायेब माझ्या डोक्यावर."

दिवाळीत कारखाना बंद, पण यंत्रांची देखभाल करायला झुंबर मागे थांबलेला. दुर्गाने विचारलं, त्याने मान खाजवली, मग म्हणाला, "ये. पण काय कोरणार तू?"

म्हणून दुसऱ्या दिवशी काळूभाईंचं दुकान.

आता खाटकाच्या धंद्याचीही एक रीत असते. मुंडी मागितली की ती आधी जाळावर भाजून केस काढायचे, मग सुऱ्याने उभी फोडून चार तुकडे करायचे. अख्खी मुंडी कोणी नेत नाही. काळूभाईंनी तर मास्तरांची मुलगी म्हणून खास मेहनत घेतली आणि चाराचे आठ केले. दुर्गाने पिशवी मसाटला उघडली तेव्हा आत नुसता रश्श्याचा माल. कानाचं हाड सुऱ्याखाली आलेलं, भुगा झालेलं.

दुसऱ्या सकाळी, धनत्रयोदशीला, ती पुन्हा उभी. "काळूभाई, भाजू नका. फोडू नका. अख्खी द्या."

"आखी?" काळूभाईंनी सुरा खाली ठेवला. "बेन, तपेल्यात मावणार नाही."

"मी शिजवणार नाहीये."

काळूभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला. तीस वर्षं धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला दुसरा प्रश्न विचारत नाही. मंजुळाबाईंच्या घरी दूध घालणारा मात्र शेजारीच उभा होता.

मसाटच्या त्या टूलरूममध्ये बोकडाची मुंडी पोलादी शेगड्यात, म्हणजे बाकाला जडलेल्या चिमट्यात, आवळून बसवली. दुर्गाने हँडग्राइंडर हातात घेतला आणि कोयना सुरू झाली. हाडावर इंचभर लांब चर पडला.

"काय करी ऱ्हायनी ताई तू," झुंबर म्हणाला. रागाने नव्हे, लहान मूल उलटी चप्पल घालतं तेव्हा म्हणतात तसं. "हात हवेत धरलास तर देवाचाही थरथरेल. करंगळी टेकव. इथं, हाडावरच. कोपर टेबलाला. हं. आता दाबू नको. ज्याची धार आहे त्याला काम करू दे, तू फक्त नेऊन आण."

तिने करंगळी टेकवली.

"पाणी सोड. कोरडं घासशील तर जळेल, वास येईल. आणि डोळ्यांनी नको बघू एवढं, कानानं बघ. धातू जाड असला का भुर्र वाजतो. पातळ झाला का आवाज चढतो, शीळ घातल्यागत. शीळ आली का उचल हात."

हे 'कानानं बघ' म्हणजे कानाच्या डॉक्टरणीला शिकवणं झालं, पण दुर्गाला त्याचं हसू दुसऱ्या दिवशी आलं. त्या क्षणी ती ऐकत होती. भुर्र, भुर्र, भुर्र, आणि मग बारीकशी चढती शीळ. हात उचलला. पाणी मारलं. खाली अंड्याच्या टरफलाइतका पातळ हाडाचा पापुद्रा उरला होता, आणि त्यातून गुलाबी रेघ दिसत होती. शेवई. शाबूत.

दुर्गा आठल्ये, वय सव्वीस, टूलरूममध्ये शेगड्याभोवती दोन गिरक्या घेऊन मोकळी झाली. झुंबरने हँडग्राइंडर काढून घेतला. "बंद करून नाच ताई. वायर गुंडाळेल."

तिकडे वसाहतीत मंजुळाबाई मास्तरांच्या ओसरीत आल्या होत्या, हातात फराळाचं ताट.

"मास्तर, दुर्गाची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. सकाळी चार चकल्या खाल्ल्या."

"चकल्याच ना?"

मास्तरांनी चष्मा काढला. मंजुळाबाईंनी ताट ठेवलं आणि जे सांगायचं ते अगदी जड अंतःकरणाने, म्हणजे मिटक्या मारत सांगितलं. मुंड्या. अख्ख्या. न शिजवता. आणि त्या घेऊन पोर मसाटला एका फिटरकडे जाते. "मी कोणाला बोलले नाही हो," त्या म्हणाल्या. त्या मागच्या बाजूने आल्या होत्या, कारण पुढच्या बाजूने येईपर्यंत आठ घरं थांबवत होती.

संध्याकाळी दुर्गा आली तेव्हा आई स्वयंपाकघरात आणि मास्तर झोपाळ्यावर. झोपाळा हलत नव्हता.

तिने सगळं सांगितलं. हात, कोयना, शेवई, सर, डिसेंबर, दिवा धरणं. सांगता सांगता रडली, मग झुंबरची 'शीळ' करून दाखवली आणि हसली. मास्तरांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला.

"अजून किती लागतील?"

"आठ तरी, बाबा."

"उद्या तू जायचं नाहीस."

दुर्गा रात्रभर कुशी बदलत होती. तिने मनातल्या मनात दिवा धरायलाही सुरुवात केली होती. सकाळी उठून बघते तर मास्तर धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून, छत्री घेऊन निघालेले. पावसाळा संपून महिना झाला होता. छत्री तोंड लपवायला. ती गुपचूप मागे गेली.

काळूभाईंच्या दुकानापुढे मास्तर छत्री उघडून उभे राहिले आणि शाळेत श्रुतलेखन सांगावं तसे म्हणाले, "दोन मुंड्या द्याव्यात. भाजू नयेत. फोडू नयेत. कर्णाच्या भागाला यत्किंचितही धक्का नसावा."

"कर्ण?" काळूभाई म्हणाले. "मास्तरसाहेब, तुम्ही पण?"

"मी पण," मास्तर म्हणाले, आणि पिशवी हातभर लांब धरून, नाक दुसरीकडे वळवून मसाटच्या टेंपोपर्यंत स्वतः चालत गेले. छत्री उघडीच. गावात एकच माणूस ऊनही नसताना छत्री घेऊन चालला होता, त्यामुळे ज्यांना एरवी दिसला नसता त्यांनाही तो दिसला.

मंजुळाबाईंची दिवाळी सोन्याची झाली. आता प्रकरण एकट्या पोरीचं राहिलं नव्हतं. भाऊबीजेपर्यंत मास्तर अघोरी विद्या करतात, मसाटला एक मांत्रिक आहे, तो फिटरच्या वेषात राहतो, आणि दर अमावास्येला, वगैरे. सुट्टीनंतर सातवी अ मध्ये गणितात नापास झालेल्या एकाने मास्तरांच्या समोर यायलाच नकार दिला. मास्तरांनी कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त शिक्षकांच्या खोलीत एकदा म्हणाले, "शिक्षण महाग असतं," आणि पाणी प्यायले.

दुर्गा मात्र दहा मुंड्या कोरून मुंबईला परतली. पाचव्या मुंडीत नस तुटली होती, सातवीत पुन्हा तुटली. झुंबरने दोन्ही वेळा तिला स्वतः फुकट घालवलेल्या साच्यांची यादी ऐकवली, आणि ती यादी बरीच लांब होती. आठव्या मुंडीपासून शीळ चुकली नाही.

डिसेंबरात डॉ. जयवंतांसमोर तिने हाड कोरलं. मागे सोबतचे चौघे. एकाने सवयीने चहाचा कप उचलून धरला. करंगळी टेकली. कोपर टेकलं. चाळीस मिनिटांनी कप धरणाऱ्याचाच हात भरून आला. सरांनी भिंग लावून हाड पाहिलं, उलटं केलं, पुन्हा पाहिलं.

"ही पकड आपल्याकडची नाही. कोणाकडे शिकलीस?"

"पाटील म्हणून आहेत, सर."

"कुठल्या कॉलेजचे?"

"मसाटचे, सर. टूथपेस्टच्या टोपणांचे साचे करतात."

सरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं, असं चौघांपैकी दोघांचं म्हणणं. "त्यांना म्हणावं, माझेही दोन विद्यार्थी पाठवतो."

जानेवारीत शिबिर झालं. सिल्वासातल्या इस्पितळाच्या आवारात मांडव, मुंबईहून आलेली सूक्ष्मदर्शकाची पेटी, आणि सकाळपासून पन्नास वाहते कान. दुर्गाला एक शस्त्रक्रिया मिळणार हे ठरलेलं. पण मांडवात मंजुळाबाई स्वयंसेविका होत्या, पाणी वाटत होत्या, आणि पेल्याबरोबर माहितीही. "ती उंच आहे ना, ती. बोकडांवर शिकलीय हो. अख्ख्या मुंड्या." दुपारपर्यंत दुर्गाच्या नावापुढे जो पेशंट बसवावा तो उठून मोठ्या सरांच्या रांगेत जाऊन बसे. गलोंड्याच्या एका रोजंदारी कामगाराने तर सरळ सांगितलं, "मॅडम, माझा कान आता बरा वाटतो." कान त्याच्या खांद्यावर ठिबकत होता.

दुर्गाने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "पेशंटची संमती नसेल तर मी काही करू शकत नाही." मग जरा थांबून, "दिवा तिकडे आहे."

ती दिव्याकडे निघाली, तेवढ्यात मागून आवाज आला. "ए पोरी. बकऱ्यावर शिकली ती तूच का?"

दुधनीची कोंडाबाई. साठीची, काटक, डोक्याला फडकं, वीस वर्षं वाहणारा उजवा कान. पाण्याचा पेला तिच्याही हातात होता, म्हणजे माहिती तिलाही मिळाली होती.

"मीच."

"माझ्याकडं अकरा बकऱ्या हायत. बकरीच्या कानाशी हात लावू दे बघू कोणी, अशी मुंडी झटकते." तिने झटकून दाखवली. "तिच्या कानाचं ज्याला कळलं त्याला माझ्या कानाचं काय. मी गप पडून राहीन. हिच्याकडं टाका मना."

"त्या मेलेल्या होत्या, आजी," दुर्गाने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग तर मी सोपीच," कोंडाबाई म्हणाली आणि स्वतःच टेबलाकडे चालायला लागली.

कानाभोवती भूल दिली. कोंडाबाई जागीच होती, आणि गप पडून राहण्याची तिची कल्पना आपल्या कल्पनेहून वेगळी होती. पडद्याआडून ती धरणाच्या पाण्यात गेलेल्या शेताबद्दल, सुनेच्या भाकरीबद्दल आणि मासळीच्या भावाबद्दल सांगत राहिली. दुर्गाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भुर्र, भुर्र. करंगळी टेकलेली. सर बाजूला हात बांधून. पाणी. सडका भाग काळा, पिवळा, निघत गेला, निघत गेला, आणि मग आवाज चढला.

हात उचलला.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. बघतच राहिले. मग म्हणाले, "टाके घाल." ही नोटीस चांगली का वाईट, ते कळायला मार्ग नव्हता. खरी परीक्षा अजून पुढेच होती: भुलीनेही चेहरा काही वेळ लुळा राहतो, त्यामुळे ती उतरल्यावर पेशंटने दात दाखवायचे, डोळे घट्ट मिटायचे. दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर नस वाचली.

चार वाजता सगळे कोंडाबाईच्या खाटेशी. दुर्गा सगळ्यांत पुढे.

"आजी, दात दाखवा."

"का?"

"बघायचंय, चेहरा नीट हलतो का."

कोंडाबाईने पदर तोंडावर घेतला. "एवढ्या बाप्यांपुढं दात काढू? मी काय येडी हाय? आणि दात हायत किती, तीन. कान दिला तुमाला, आता दात पण?"

"बरं, हसा थोडं."

"हसायसारखं काय झालं? डोकं ठणकतंय माझं."

एका डॉक्टरने माकडासारखं तोंड करून दाखवलं. कोंडाबाईने त्याच्याकडे अशा थंड नजरेने पाहिलं की तो खाटेमागे सरकला. दुसऱ्याने शीळ घालायला सांगितलं. ती म्हणाली, शीळ घालणाऱ्या माणसाला तिच्या गावात मारतात. पदर तोंडावरून ढळेना. पदराआड अर्धा चेहरा होता आणि त्या अर्ध्यात दुर्गाची दीड वर्षं.

तेवढ्यात नर्स गोळी घेऊन आली, जंतू मारायची, कडूजहर. "आजी, एवढी घ्या." कोंडाबाईने गोळी तोंडात टाकली. पाण्याचा पेला पुढे यायच्या आत, शेंगदाणा चावावा तशी, ती तीन दातांनी कडकन फोडली.

पदर गळून पडला.

दोन्ही डोळे एकदम मिटले, गच्च. दोन्ही भुवया उडून फडक्यात गेल्या. नाक दोन्ही अंगांनी आक्रसलं, ओठ दोन्ही कोपऱ्यांपर्यंत ताणले गेले, आणि तिन्ही दात, दोन डावीकडचे आणि एक उजवीकडचा, समस्त डॉक्टरांना दिसले. असा सर्वांगसुंदर, तंतोतंत सारखा वाकडा चेहरा त्या खोलीत कोणी पूर्वी पाहिलेला नव्हता. मग त्याच तोंडातून दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने शिव्या सुरू झाल्या. गोळीला, नर्सला, मुंबईला.

डॉ. जयवंतांनी त्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या, संगीताच्या बैठकीला बसल्यासारखे. मग दुर्गाकडे वळले. "उद्याच्या यादीतले पहिले दोन कान तुझे."

"गूळ आण ग कोणी," कोंडाबाई ओरडली, "जीभ जळाली माझी."

आणि पहिला कान यशस्वी केलेली डॉ. दुर्गा आठल्ये, मास्क गळ्यात लोंबतोय, हिरवा झगा मागून सुटलेला, इस्पितळाच्या आवारातून, मांडवातून, पाण्याचा पेला तोंडाशी धरून थबकलेल्या मंजुळाबाईंच्या पुढून, किराण्याच्या दुकानाकडे पळत सुटली.